वांग्यावरची लाल चिंधी

आमच्या बिल्डरने 'हिरवी गच्ची' दाखवून फ्लॅट विकले. वर प्लास्टिक अंथरून वीतभर माती, मातीवर मऊ गवत. पहिल्याच मे महिन्यात त्या गवताचा कडबा झाला आणि बिल्डर फोन उचलेना. मला तर पहिल्या दिवसापासूनच ते काही खरं वाटत नव्हतं, पण घरात माझं ऐकतं कोण!

आई गेल्यावर बाबांना मी गावाहून नागपूरला आणलं. ते लाल मांजरपाटाची पिशवी घेऊन आले आणि ती त्यांनी कधी रिकामीच केली नाही. धोतर धुतलं, वाळलं, की घडी करून परत पिशवीत. पिशवी दारामागच्या खुंटीला. कपाटातला अख्खा कप्पा मी मोकळा करून दिला होता, तो तसाच पडलेला. हा माणूस एक दिवस मी ऑफिसला गेल्यावर गुपचूप एसटी पकडणार, याची मला खात्रीच होती. गावचं घर बंद, यांना मधूनच चक्कर येते, तिथे पडले तर कळणार कोणाला? म्हणून रोज संध्याकाळी चपला काढायच्या आधी मी दारामागे बघायचे.

मग बाबा गच्चीवर रमले. वाळकं गवत उपटून त्यांनी वांगी, टमाटर, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर लावली. सगळी बिल्डिंग तोडून न्यायची. एक दिवस बघते तर सगळ्यात चांगल्या वांग्यांना लाल चिंध्या बांधलेल्या! बाबांना विचारलं, तर "राहू दे, तोडू नको" एवढंच बोलले. मी ओळखलं. हे वरच्या मजल्यावरच्या काकूंचं काम. जाता-येता "बाबा, बाबा" करायचं आणि चांगला माल आधीच आपल्या नावावर करून ठेवायचा. मी त्यांच्याशी बोलणंच कमी केलं.

काकूंच्या डोक्यात भलतंच. लाल चिंध्या, झाडांच्या बुडाशी राख, वर काठीवर चुना फासलेलं मडकं. कोणीतरी करणी केली, असं त्यांनी जिन्यात कुजबुजून सांगितलं आणि ते खालपर्यंत पोचलं. भाजी तोडणं बंद. लगेच पार्किंगमध्ये मीटिंग. म्हणे मातीने स्लॅबला ओल येते, गच्ची खरवडून टाइल्स लावू. ओल! आजवर एक डाग दिसला नव्हता कोणाला. माझं डोकंच फिरलं.

बाबा वर गेले आणि चिंधीसकट एक पिवळं, सुरकुतलेलं वांगं घेऊन आले. सगळ्यांसमोर फोडलं. आत नुसत्या बिया.

"बेण्याचं हाय," ते म्हणाले. "चिंधी नसती तं तुमी भरीत करून खाल्लं असतं."

लोक हसायला लागले. मी मात्र मनात हिशोब मांडला. बेणं म्हणजे पुढचा हंगाम. कुठल्या मातीत? पिशवी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. चारचौघांत विचारू नये ते मी विचारलं.

"बाबा, हे बेणं गावाले नेऊन राहिले का?"

त्यांनी माझ्याकडे नाही, काकूंकडे पाहिलं. "गच्ची खरवडली तं नेतोच. मातीबिगर इथं बसून मी काय करू?"

शेवटी काकूच पुढे आल्या आणि हात पसरला. "मले पण द्या थोडं. अन् माती राहू द्या. स्लॅब माह्या डोक्यावर हाय, मी पाहून घेईन." त्यांचे मिस्टर पुटपुटले, पण विषय संपला. घरी येताना मी विचार करत होते, या बाईचा यात काय डाव असेल?

टाइल्स टळल्या, तरी दारामागे बघायची माझी सवय काही सुटली नाही. आणि एका संध्याकाळी खुंटी रिकामी. चपला घालूनच अख्खं घर पाहिलं, मग जिना चढत सुटले. बाबा गच्चीवर वांग्यांपाशी उकिडवे बसले होते.

"पिशवी कुठाय, बाबा?"

"फाडली," ते गाठ मारत म्हणाले. "चिंध्या कमी पडून राहिल्या होत्या."

"अन् धोतरं?"

"तुह्या कपाटात."