चालता चालता साचा घडवणारे जावईबापू

असं लांबून काय वाचताय? जरा जवळ सरका, आणि तो मोबाइल उपडा ठेवा बघू. एक डोळा इकडं, एक तिकडं, असं लई झालं तुमचं. आमच्या भाचेजावयांबद्दल सांगायचंय, आणि सोपं काम इतक्या मनापासून अवघड करणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा न्हाई.

माझ्या नणंदेच्या लेकीचे हे मालक, पुण्याच्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम करणारे. काम घरूनच चालायचं, आणि तलवाड्यात आमच्या माडीवर नेट बरं लागतं म्हणून दोघं आठ दिवसांसाठी आले आणि दोन वर्षं राहिले. एक वस्तू करा म्हटलं, की हे आधी तसल्या सगळ्या वस्तूंचा साचा करणार. एकदा दळणासोबत चिठ्ठी मागितली, तर यांनी लिहिलं, अमुक किलो तमुक धान्य दळून द्यावे. मी विचारलं, यात ज्वारी कुठंय? तर म्हणाले, आज ज्वारी असेल, उद्या बाजरी, पण चिठ्ठी तीच चालेल. गिरणीवाल्यानं दळण तसंच परत पाठवलं आणि वर निरोप, जावयांना म्हणावं आमच्या गिरणीत तमुक दळत न्हाईत. त्यांच्या चष्म्याचीही तीच तऱ्हा. पिशवीत पिशवी, तिच्यात बटवा, बटव्यात डबी, आणि डबीत चिठ्ठी, की चष्मा बाहेरच्या खिशात आहे.

यांचं काम काय, हे मी जेवायला वाढताना रोज विचारायची आणि ते रोज सांगायचे. प्रोग्राम चालू असतानाच तो स्वतःला लागणारे नवे साचे स्वतःच लिहितो म्हणे, आणि साच्याच्या पोटात आणखी साचा. म्हणजे भाकरी थापता थापता परात घडवायची का, असं मी म्हटलं, तर घास हातात ठेवून म्हणाले, "अगदी तेच, मामी." मला काही कळलं न्हवतं, पण लई बरं वाटलं.

अन् एकदा ते काम अडलं. साहेबांनी सांगितलं, सोमवारपर्यंत तिथं बसून जमलं तर ठीक, न्हाईतर बिऱ्हाड घेऊन पुण्याला या. भाची रडवेली झाली. जावईबापू दोन दिवस धड जेवले न्हाईत. मशीन साचा घ्यायलाच तयार न्हवतं, आणि कशापायी घेत न्हाई तेही सांगत न्हवतं.

रविवारी सकाळी मी अंबाजोगाईच्या लेकीसाठी डबा भरत होते. मोठ्या डब्यात काळ्या मसाल्याची डबी, चटणीची डबी, बाजरीच्या खारोड्यांचा डबा. मोठ्यावर लेकीच्या नावाची चिठ्ठी, आणि आतल्या एकेकावर परत तीच. जावईबापू पाणी प्यायला खाली आले आणि बघत उभे राहिले.

"मामी, बाहेर नाव आहेच की. आत परत कशाला?"

"आतल्याला काय ठाऊक बाहेर काय लिवलंय? ज्याची चिठ्ठी त्याला लावावी लागती, बापू. मागं एकदा न्हाई लावली, तर लेकीचा मसाला तिच्या जावंनं नेला."

त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला आणि माडीवर पळाले, एका पायात चप्पल, एक तशीच जिन्यात. नंतर समजावून सांगितलं. बाहेरच्या साच्यात अमुक-तमुकसाठी जी रिकामी जागा ठेवली होती, ती आतल्याला आपोआप कळेल असं ते धरून चालले होते. मशीनला ती आतल्यावर परत वेगळी लिहिलेली हवी होती. वर त्याचा आणखी एक उफराटा कायदा, आधी बाहेरचा पुरा करायचा आणि मग आतला. माझ्या डब्याचं झाकण असं आधी लावलं असतं, तर चटणी घरीच राहिली असती.

सोमवारी काम चाललं. भाचीनं शिरा केला. साहेब लई खूश झाले, पण हे चालतं कसं ते कंपनीत बाकी कुणालाच कळेना, म्हणून समजावून सांगायला जावईबापूंना पंधरा दिवस पुण्याला बोलावून घेतलं. मागोमाग भाचीही गेली. त्याला आता आठ महिने झाले.

एवढ्या वयात मला न समजणारी गोष्ट इतक्या मायेनं कुणी समजावली न्हवती. घरात सगळे म्हणतात, तुला काय करायचंय. जावईबापू तसं कधी म्हणाले न्हाईत, पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. बापू, पुण्याची माणसं शिकलेली, त्यांना एव्हाना कळलं असंल. मला अजून निम्मं कळायचं राहिलंय. दोघं या लवकर.