पारड्यातला नारळ

आमच्या समोरच्या बाई अंबडला कंपनीत कामाला होत्या. त्यांची मुलगी जन्मली ती जेमतेम पावणेदोन किलोची. अशा बाळांच्या रक्तवाहिन्या पुढे कडक होऊ शकतात, तिला घाईने गुटगुटीत करू नका, पळू द्या आणि दरवर्षी बीपी बघा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. दवाखान्यात कुणी म्हणालं, "एवढ्याशा पोरीचं कसलं बीपी?" की बाई तिची बाही वर सारून उभ्या राहायच्या. आम्ही शेजारणींनी दिलेले तुपाचे लाडू परत यायचे. "खाऊ नको, खेळायला घ्या तिला," बाई म्हणायच्या. मला राग यायचा.

मुलगी शाळेत जायला लागली तशी बाईंच्या सासूबाईंनी चांदवडला नवसाची गूळतुला केली. मीही गेले होते. मुलगी पारड्यात बसली आणि सासूबाईंनी हळूच तिच्या मांडीवर नारळ ठेवला. "लय हलकी दिसती, लोक काय म्हणतील?"

बाईंनी नारळ उचलून बाजूला ठेवला. "ती जेवढी आहे, तेवढाच गूळ घाला."

तुला झाली. मुलगी उतरली आणि देवळाच्या पायऱ्या धावत चढू लागली.

"थांब गं, धाप लागंल," सासूबाई ओरडल्या.

"लागू द्या," बाई म्हणाल्या, आणि पदर खोचून तिच्यामागे पळत सुटल्या.