सहा आठवड्यांची मुदत

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांची प्रार्थना दर बुधवारी दुपारी तीनला असते, आळीपाळीनं एकेकीच्या घरी. कधी शरणपूर, कधी नाशिकरोड, कधी देवळाली कॅम्प. विनंत्यांची वही चार वर्षं माझ्याकडे आहे. आधीच्या बाईंनी ती किराण्याच्या यादीसारखी ठेवली होती. मी रकाने आखले: कुणासाठी, कशासाठी, कधीपासून, उत्तर. उत्तर मिळालं की लाल पेनानं खूण. दर आठवड्याला नवं पान, आणि उरलेल्या विनंत्या त्यावर हातानं उतरवायच्या. माझ्या काळात बैठक चारला संपते आणि चहा गरम मिळतो, हे मी पाळकसाहेबांनाही ऐकवलं होतं.

अडचण एकट्या मावशींची होती. मावशी म्हणजे देवळाली कॅम्पच्या एक निवृत्त नर्स, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांची विनंती वर्षानुवर्षं एकच. धाकटा मुलगा बापाशी भांडून घर सोडून गेला होता. बापाच्या दफनालाही आला नाही. त्यानं एकदा फोन करावा, एवढंच. मी त्याचं नाव वाचलं की मावशी प्रार्थनेला सुरुवात करायच्या. आवाज चढवायच्या नाहीत, समोरच्या खुर्चीत कुणी बसलंय तसं देवाशी बोलायच्या. "ह्या आठवड्यातही नाही केलास तू काही. मी रागावलेय, पण जाणार कुठं?" त्यात दहा मिनिटं जायची. बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या.

"मावशी, देवाला आता पाठ झालं असेल हो ते नाव!" एकजण म्हणाली होती.

"झालेलं असू दे," मावशी म्हणाल्या. "आपण घेत राहायचं."

इकडे नव्या विनंत्या ताटकळत होत्या. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीची बारावी. मी नियम केला: कुठलीही विनंती सहा आठवडे, मग यादीतून बाहेर. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पटापट अंगठे आले. मावशींकडे साधा बटणांचा फोन आहे, हे मला माहीत होतं. त्या दिवशी ते माझ्या यादीत नव्हतं, इतकंच.

पुढच्या बुधवारी मी यादी वाचून वही मिटली.

"माझं राहिलं गं," मावशी म्हणाल्या.

"राहिलं नाही मावशी. मुदत संपली. आता सहाच आठवडे ठेवायचं ठरलंय."

"एक्स्पायरी झाली, मावशी!" मागून कुणीतरी म्हणालं. "तुम्ही नर्स, तुम्हाला काय सांगायचं!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मावशींनी चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी मिटली. शेवटपर्यंत बसल्या. चहा प्यायल्या, आपला कप स्वतः विसळला आणि गेल्या.

पुढचे दोन बुधवार त्या आल्या नाहीत. मी हजेरीत 'गैरहजर' लिहिलं. तिसऱ्यांदाही कुणी आलं नाही की भेटीला जायचं, असा माझाच नियम आहे. तिसरा बुधवार गेला, तशी गुरुवारी अकराला बिस्किटांचा पुडा घेऊन गेले.

दार मोठ्या सुनेनं उघडलं. "आत आहेत. पण धाकट्या दिरांचं नाव काढू नका हं. ह्यांना खपत नाही, घरात भांडणं होतात."

मावशी खाटेवर बसल्या होत्या. लांब लष्कराच्या तोफांचा सराव चालला होता, खिडकीच्या काचा थरथरत होत्या.

"सलाम, मावशी. येत नाही तुम्ही. प्रार्थना सोडलीत का?"

"सोडते कशाला? देव काय तुझ्या वहीत राहतो? इथं असतो, ह्या खाटेवर. रोज बोलते त्याच्याशी. भांडतेसुद्धा." मग त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "ह्यांनी पोराचं नाव घ्यायला बंदी केली होती. हे गेले, बंदी राहिली. दुसऱ्याच्या तोंडून ते नाव मला फक्त बुधवारी ऐकू यायचं. तू वाचायचीस तेव्हा. तेवढ्यासाठी दोन बस बदलून यायचे मी."

"चुकलं माझं," मी म्हणाले. "येत्या बुधवारी पहिलं तेच वाचते."

"बुधवार कशाला? आत्ता कर प्रार्थना. मी ऐकते."

मी डोळे मिटले. "हे स्वर्गीय पित्या," इथपासून सवयीची वाक्यं भराभर आली. मग नावाची जागा आली आणि मी थांबले. चार वर्षं दर आठवड्याला ते मी माझ्या हातानं उतरवलं होतं. रकाना डोळ्यांपुढे होता. उत्तराची रिकामी चौकट होती. नाव नव्हतं.

"तुझ्या ह्या लेकराला..." मी म्हणाले.

"कुठल्या?" मावशींनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

एक तोफ उडाली. मग दुसरी.

"वही घरी राहिली," मी म्हणाले.

मावशींनी डोळे उघडले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मग इतकी वर्षं तू काय करत होतीस गं?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि प्रार्थना स्वतः पुरी केली. नाव इतक्या हळू घेतलं की हातभर अंतरावर बसून मला ऐकू आलं नाही. आमेन म्हटलं आणि सुनेला हाक मारली, "बाईंना चहा टाक."

बुधवारी मी ते नाव सगळ्यात आधी वाचलं, वहीत बघून.

"हे परत घेतलं का?" एकीनं विचारलं. "आणि मावशी कुठायत?"

"येणार नाहीत त्या," मी म्हणाले, आणि पुढची विनंती वाचली. चारला बैठक संपली. चहा गरम होता.