तोंडातली विडी

पिक्चर पाहून रडणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही. आमच्या अमरावतीच्या घरी कोणी टॉकीजमधून डोळे पुसत आलं की माझं टाळकं सरकतं, आणि घरचे म्हणतात, म्हातारा खडूस आहे. असेल. खडूस मी अकोल्यात झालो, सतराव्या वर्षी, आणि ज्याच्यामुळे झालो त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

आई गेल्यावर चुलत्याने बाळापूरच्या घरातून मला हाकललं. अकोल्यात कापूस बाजारातल्या दुकानांच्या ओट्यांवर निजायचो. सकाळी दुकानदार अंगावर पाणी फेकून उठवायचा. पहिल्या दिवशी वाटलं, चुकून पडलं असेल. असे दोन हिवाळे काढले. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर कापूस यायला लागला, तेव्हा कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनाच्या मुकादमाने मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "विडी ओढते काय बे?"

"नाही."

"शनिवारी ये मंग."

जिनात पहिला प्रश्न हाच. आत सगळीकडे कापूस, एक ठिणगी पडली की खेळ खलास. फाटकावर चौकीदार प्रत्येकाचे खिसे चाचपायचा. काडीपेटी निघाली की माणूस बाहेर. ओट्यावरची सगळी पोरं विडी ओढायची, मी एकट्याने कधी तोंडाला लावली नव्हती, ती या जिनाच्याच आशेने. कारण तिथे काम लागलं की हंगामभर टिनाच्या चाळीत झोपायला मिळायचं. मला मजुरीपेक्षा ते टिन पाहिजे होतं.

आणि शुक्रवारी माझी अक्कल गहाण पडली. टॉकीजला नवीन पिक्चर लागला होता, शहरात रस्त्यावर राहणाऱ्या बेवारस पोरांचा. जाहिरातीच्या टांग्यावर भोंगा, दोन्ही बाजूंना रंगवलेले बोर्ड, बोर्डावर फाटक्या सदऱ्यातला, तोंडात विडी धरलेला पोरगा. मॅनेजरला तसाच एक जिवंत पोरगा टांग्यात उभा करायचा होता. मला शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. चार आलुबोंडे आणि एक फुकट खेळ, एवढ्यावर मी चढलो. त्याने विडी पेटवून माझ्या तोंडात दिली.

"मी ओढत नाही," म्हटलं.

"ओढाले कोण सांगते? नुसती धर. धूर दिसला पायजे."

टांगा गावभर फिरला. लोक मला बोट दाखवत होते आणि खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. जिनाच्या फाटकाशी आलो तर समोर मुकादम. मी त्याला ऐटीत सलाम ठोकला. विडी त्याच हातात होती.

शनिवारी फाटकावर मुकादमाने चौकीदाराला माझे खिसेसुद्धा पाहू दिले नाहीत.

"याले काढा बाहेर. विडी ओढते हा."

"ते पिक्चरचं होतं, मुकादम. मॅनेजरनं धराले लावली. माहं तोंड हुंगून पाहा."

"म्या माह्या डोळ्यानं पायलं. कापूस जळाल्यावर तुहा मॅनेजर येईन काय विझवाले?"

चौकीदाराने मानगूट धरून मला रस्त्यावर लोटलं. माझ्या मागच्या पोराला आत घेतलं. त्याच्या ओठांवर तंबाखूचा काळा डाग मला दिसत होता. चांगला ओळखत होतो मी त्याला, माझ्याच ओट्यावरचा. मी चहाडी केली नाही, आणि त्याचाही मला आजवर पस्तावा होतो.

रविवारी तीनचा खेळ. कमावलेला होता, सोडतो कशाला? पुढे जमिनीवर बसलो. पडद्यावरचा पोरगा फुटपाथवर कुडकुडत होता. एका साहेबाने फेकलेलं थोटूक उचलून त्याने ओढलं, आणि त्याच्या निखाऱ्याशी बोटं शेकली. मागे खुर्च्यांवरून कोणीतरी हुंदका दिला. इंटरवलला दिवे लागले तेव्हा वळून पाहिलं. मुकादम होता. शेजारी बायको, आणि हा बाप्या रुमालाने डोळे पुसत होता.

माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, आता हा पाघळला, आता काम झालंच. खेळ सुटल्यावर दारातच त्याला गाठलं. डोळे अजून लाल होते त्याचे.

"मुकादम, उद्या येऊ काय कामाले?"

त्याने मला ओळखलं आणि चेहरा पुन्हा फाटकावरचा झाला. "तू? विडीवाला?"

"त्या पोरानंबी ओढली. त्याच्यासाठी रडून राहिले होते तुमी."

"त्याची बरोबरी करते काय बे? त्या बिचाऱ्याले या दुनियेत कोणी नव्हतं."

माझं डोकं फिरलं. त्याची वाट अडवून म्हटलं, "अन् माहं कोण आहे? एक नाव सांगा, निघून जातो."

तो थांबला. नाव सांगायला त्याने तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात बायकोने टांगा थांबवला, आणि तो मला बाजूला सारून चढून बसला.