आजीनं राखलेला तरोटा

आमच्या शेजारच्या शेतात तांड्यावरची एक आजी यायची. नाव मला शेवटपर्यंत कळलं न्हाई. नातवंडं आजी म्हणायची, म्हणून आमीबी आजीच म्हणायचो. घरात तिचा जीव रमायचा न्हाई. सून म्हणायची, "आमची सासू पाहुणीवानी जेवायपुरती येते." दिवसभर बांधावर हिंडायची, झाडाशी बोलायची, भाजीला तिथं आपोआप उगवणाऱ्या तरोट्याचे कोवळे शेंडे खुडायची, पण मूळ उपटायची न्हाई. खरं सांगते, मला तिचा हेवा वाटायचा.

एका साली तिचा लेक सोयाबीनमध्ये तणनाशक मारता मारता बांधावर आला. आजी सरळ तरोट्यात फतकल मारून बसली.

"आई, ऊठ. औषध हाय हे."

"मग मार की माझ्यावर. घरात तुमाला मीबी तणच वाटते."

लेक चिडला, पण पंप बंद करून पुढं गेला.

आता आजी न्हाई. परवा लेक फवारत होता. त्या जागेपाशी त्यानं पंप बंद केला आणि पुढं जाऊन चालू केला. तिथं तरोटा गुडघाभर वाढलाय.

मी विचारलं, "काहून रे, तेवढंच सोडलं?"

खाली बघत म्हणाला, "मावशी, आई बसून राहिली ना तिथं."