यंत्राच्या पोटातला लिफाफा

काकूंचा फोन आला तेव्हा मी माती चाळत होते. हात भरलेले म्हणून फोन खांद्याने कानाशी दाबून धरला. "वंदना, काका गेले तुये... सकाळी चहा घेतला आन् तिथंच मान टाकली," एवढंच त्या म्हणाल्या. मी चाळणी खाली ठेवली. समोरच्या टेबलावर मातीतलं जस्त आणि लोह मोजायचं यंत्र चालू होतं, त्याच्या शेजारच्या संगणकाच्या पडद्यावर आकडे उमटत होते. मला पहिल्यांदा काय सुचलं, ते सांगायला आज थोडं अवघड वाटतं. वाटलं, आधी हा नमुना पूर्ण होऊ द्यावा. काकांनी तेच म्हटलं असतं. मी तो नमुना पूर्ण केला, आकडा वहीत लिहिला आणि मगच उठले.

काका म्हणजे मनोहर सरकटे, नात्याचे नव्हेत; ते मेहकरच्या बसस्थानकामागे संगणक दुरुस्तीचं दुकान चालवत. दुकान म्हणजे एक खोली. तिच्यात चार चालू संगणक, चाळीसेक बंद पडलेले आणि एक स्टूल. मी उंद्रीची. वडील वांगी, मेथी, कांद्याचं रोप लावणारे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बी.एस्सी.ला मेहकरला आले तेव्हा प्रवेशाचा फॉर्म भरायला कुणीतरी काकांच्या दुकानाकडे बोट दाखवलं. त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "भर." मी हात मागे घेतला. मोडलं तर काय करायचं, ही भीती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उठले, कोपऱ्यातला एक मेलेला संगणक उचलून माझ्या पुढ्यात ठेवला आणि हातात पेचकस दिला. "हे घे, हे आधीच मेलेलं आहे. तू आणखी काय मारशीन त्याले? खोल." फॉर्म दुसऱ्या दिवशी भरला. त्या दिवशी मी फक्त खोललं आणि परत जोडलं. दोन स्क्रू उरले. काका म्हणाले, "उरतेतच. डॉक्टरचेबी उरत असतीन, तो सांगत नाही."

पुढे तीन वर्षं कॉलेज सुटल्यापासून पाचच्या उंद्री गाडीपर्यंतचा वेळ मी तिथे काढला. शिकवतोय असं ते कधी दाखवत नसत. कामात हात चालू आणि तोंड चालू. त्यांची एक पद्धत मी तेव्हाच पाहिली. संगणकाचे सुटे भाग एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांची ओळख करून देणारी एक छोटी प्रणाली लागते, तिला ड्रायव्हर म्हणतात. ती ज्या चकत्यांवर येई, त्या लोक टाकून देत. काका एकही टाकत नसत. प्रत्येक ड्रायव्हरच्या दोन फ्लॉप्या ते बनवत. एक स्वतःच्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, आणि दुसरी गिऱ्हाइकाच्या संगणकाच्या पेटीच्या आत, बाजूच्या पत्र्याला चिकटवलेली. त्यासाठी लग्नपत्रिकांचे लिफाफे वापरत, कारण जाड कागद, धूळ शिरत नाही. सगळ्या गिऱ्हाइकांच्या लग्नपत्रिका त्यांच्याकडे येत, लिफाफ्यांना तोटा नव्हता. "एक आपल्यापाशी, एक यंत्राच्या पोटात," ते म्हणत. "माणूस मेला तरी यंत्र अडलं नाही पाहिजे." आणि फ्लॉपीवर कंपनीचं नाव नसे, क्रमांक नसे. 'साखरखेर्डा, कृषी केंद्र'. 'उंद्री, फोटो स्टुडिओ'. यंत्रं त्यांना गावाने आठवत.

पदवी झाल्यावर मेहकरच्याच एका शेतकरी संस्थेच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत मला काम मिळालं. उंद्रीत बाबा सांगत सुटले, "पोरगी मातीतलं जस्त पाह्यते." जस्त पाहणारं ते यंत्र मात्र जुनं होतं. ते चालवणारी प्रणाली फक्त जुन्या एक्सपी विंडोजवरच चाले. एका उन्हाळ्यात, पेरणीआधीच्या ऐन गर्दीत, यंत्राला जोडलेला संगणक जळाला. नमुन्यांच्या पिशव्या दारापर्यंत रचलेल्या. पुण्याच्या विक्रेत्याने फोनवर सांगितलं, यंत्रच नवीन घ्या. संस्थेचे सचिव म्हणाले, "पोरी, सोमवारपर्यंत चाललं तर चाललं. नाही तं पिशव्या बुलढाण्याले धाडतो, आन् हा विभाग बंद." विभाग म्हणजे मी एकटी. पण मला जास्त लागलं ते पिशव्यांचं. बुलढाण्याला गेलेल्या नमुन्यांचे अहवाल पेरणी उरकल्यावरच हातात येत. बी जमिनीत गेल्यावर जस्त कमी आहे हे कळून काय करायचं?

शुक्रवारी सकाळी काका आले. एक वापरलेला पण चांगला मदरबोर्ड शोधून घेऊन आले होते. यंत्राचं जुनं कार्ड बसेल अशी खाच त्यात होती. सगळं जोडलं, एक्सपीची सीडी घातली. निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ओळ आली: हार्ड डिस्क सापडली नाही. मी म्हणाले, "काका, डिस्क तर लावलीय." ते म्हणाले, "लावली आहे, पण याले दिसून नाही राह्यली. एक्सपी जुनं माणूस आहे. ते आलं तेव्हा डिस्क सांभाळणारी ही नवी चिप जन्मलीच नव्हती. आता ते दारात उभं आहे आन् म्हणून राह्यलं, घरात कोणीच नाही." जुन्या पद्धतीने डिस्क दाखवायची सोय काही बोर्डांत असते, या बोर्डात ती नव्हती. सोबतच्या सीडीत फक्त नव्या विंडोजचा ड्रायव्हर. इंटरनेटवर शोधलं, तर चिपच्या कंपनीने ती फाईल केव्हाच काढून टाकलेली. इकडून तिकडून दोन आणल्या, त्या लावल्या तर सगळं आणखी गडद निळ्या पडद्यावर जाऊन थांबलं.

सचिव दारात उभे राहून पाहत होते. म्हणाले, "सरकटे, म्हातारा बैल नव्या गाडीले जुंपून राह्यले तुमी."

काकांनी मान वर केली नाही. "बैल चांगला आहे, साहेब. जुवाची अन् त्याची ओळख नाही झाली अजून."

मग त्यांनी खिशातून भिंग काढलं, बोर्डावरच्या चिपवर धरलं, बराच वेळ पाहिलं आणि डोळे मिटले. मला वाटलं दमले. पण ते म्हणाले, "उंद्री... भास्करचा स्टुडिओ. त्याच्या बोर्डावर हीच चिप होती. त्याच्यावर एक्सपी मीच चढवलं होतं." दुकानातून बिस्किटाचा डबा आला. 'उंद्री, फोटो स्टुडिओ' सापडली. यूएसबीच्या फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली, आणि ती दुसऱ्याच फाईलला घरघर करून थांबली. तीनदा घातली, तीनदा थांबली. आतल्या चकतीवर बुरशी चढली होती. काका ती फ्लॉपी हातात घेऊन बसून राहिले. मग माझ्याकडे वळले. "तू उंद्रीचीच ना बे? मंग बसली काऊन? दुसरी भास्करच्या पेटीत आहे."

मी दुपारच्या गाडीने गावी गेले. भास्करभाऊंनी तो संगणक केव्हाच बाजूला टाकला होता. माळ्यावर कबुतरांच्या विष्ठेखाली पेटी सापडली. ती उतरवताना भाऊ म्हणाले, "तुया दहावीच्या फॉर्मचा फोटो याच्यावरच काढला होता. तीनदा काढला. तीनबी बार डोळे मिटले तू." पेचकस मी माझाच नेला होता. पत्रा उघडला तर आत, बाजूला, चिकटपट्टीने लावलेला लिफाफा. कोपऱ्यात हळदीचं बोट. लग्न कुणाचं होतं ते पुसलं गेलं होतं, पण आतली फ्लॉपी नव्यासारखी. मी ती ओढणीच्या पदरात बांधली. बाबा फाट्यापर्यंत सोडायला आले. विचारलं, "एवढुशा चकतीसाठी एवढी आली?" मी हो म्हणाले. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "मंग पिशवीत नको ठेवू. हातातच ठेव."

शनिवारी सकाळी पुन्हा बसलो. काकांचा डावा डोळा तेव्हा मोतीबिंदूने गेल्यातच जमा होता. ते म्हणाले, "बोट तुयं ठेव. सुरुवातीले खाली एक ओळ येते, बाहेरचा ड्रायव्हर द्यायचा असीन तं एफ-सहाची कळ दाबा म्हणून. चार-पाच सेकंद राह्यते फक्त." ओळ आली. मी ती वाचली. इंग्रजी ओळ शेवटपर्यंत नीट वाचून मगच काही करायचं, ही माझी शाळेपासूनची सवय. वाचून झाली आणि गेली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा वाचली, पुन्हा गेली. काका म्हणाले, "परीक्षा आहे का? वाचत काय बसली, दाब ना."

तिसऱ्या वेळी मी डोळे मिटले आणि दाबत राहिले. पडद्याने फ्लॉपी मागितली. दिली, तर म्हणे तिच्यावर काहीच नाही. आता मात्र चूक काकांची होती. मूळ फ्लॉपी खराब होऊ नये म्हणून त्यांनी सकाळी तिची नक्कल केली होती, आणि नीटनेटकेपणाच्या हौसेने सगळ्या फाईली एका फोल्डरमध्ये भरून त्याला 'उंद्री' नाव दिलं होतं. एक्सपी फोल्डर उघडून पाहत नाही, त्याला सगळं दाराशीच लागतं. मी म्हणाले, "काका, गावाचं नाव वर लिहायचं असतं, आत नाही." ते इतके हसले की खोकला लागला. फाईली बाहेर काढल्या, पुन्हा सुरुवात केली. चार नावांची यादी आली. "वरून तिसरं," ते म्हणाले. मी तिसरं निवडलं. फ्लॉपी घरघरली... थांबली नाही. आणि मग पडद्यावर ती ओळ आली, डिस्कचं नाव आणि तिच्यावर मोकळी असलेली सगळी जागा. काका मागे टेकले आणि फक्त म्हणाले, "झाली ओळख."

दुपारी तीनला यंत्र सुरू झालं. त्यातला जस्त मोजायचा दिवा पेटला. जस्ताचं प्रमाण आधीच माहीत असलेल्या द्रावणांचे बिंदू पडद्यावर पडले आणि त्यांची रेषा सरळ आली. शिक्षकाने फळ्यावर पट्टीने मारावी तशी सरळ. सचिवांनी पेढे मागवले. काकांनी दोन खाल्ले, एक खिशात घातला, काकूंसाठी. मी हात धुऊन परत आले तेव्हा ते संगणकाच्या पेटीचा पत्रा बसवत होते. स्क्रू या वेळी एकही उरला नव्हता. त्या वर्षी एकही पिशवी बुलढाण्याला गेली नाही. पेरणीआधी सगळ्यांचे अहवाल गेले. आमच्या कांद्याच्या वावराचाही गेला. त्यात जस्त कमी निघालं, आणि बाबांनी तो कागद फ्रेम करून भिंतीला लावला. कमी असल्याचा कागद कशाला लावला म्हणून लोक हसत. ते म्हणत, "सही पाह्य ना खालची."

काकांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला दुकानाच्या त्या खोलीत माणूस मावत नव्हता. पोथीसारखी गावांची नावं कानावर येत होती... साखरखेर्ड्याचे आले, उंद्रीहून भास्करभाऊ आले. जो तो आपल्या यंत्राची गोष्ट सांगत होता. रडणारे थोडे, सांगणारे जास्त.

त्यानंतर पंधरा दिवसांत प्रयोगशाळेच्या संगणकाची डिस्क टकटक वाजू लागली आणि एका सकाळी बंद पडली. सचिव आता थकलेत. दारात तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "आता सरकटे नाहीत, पोरी." पिशव्या पुन्हा दारापर्यंत होत्या. मी काकूंकडे गेले. काकूंनी बिस्किटाचा डबा पुढ्यात ठेवला. मी 'मेहकर' लिहिलेल्या सगळ्या फ्लॉप्या पाहिल्या, दोनदा पाहिल्या. माती परीक्षण कुठेच नव्हतं. स्टुडिओची वरच सापडली, पण ती बुरशी चढलेलीच. मी डबा मिटून नुसती बसले. काकू चहा ओतता ओतता म्हणाल्या, "दुसरी पोटात ठेवत होते ना ते? तू पाह्यलं का उघडून?"

इतकी वर्षं मी त्या संगणकासमोर बसत होते, पण पत्रा उघडायची वेळ आली नव्हती. उघडला. आत, बाजूला, लिफाफा. लग्नपत्रिकेचाच, कोपऱ्यात हळद-कुंकू. वर छापलेली नावं वाचली तर पत्रिका माझ्याच लग्नाची होती. माझं लग्न त्या दुरुस्तीनंतरचं, म्हणजे पहिला लिफाफा काढून त्यांनी नंतर कधीतरी, मी नसताना, बदलला होता. आत फ्लॉपी होती. तिच्यावर संस्थेचं नाव नव्हतं, मेहकरही नव्हतं. काकांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'वंदना राऊत, बी.एस्सी., उंद्री'. काकांच्या एकाही फ्लॉपीवर मी आजवर कुणाची पदवी पाहिली नव्हती.

नवी डिस्क जोडली. सीडी घातली. खाली ओळ आली, मी ती वाचली नाही, कळ दाबली. फ्लॉपी दिली. चार नावं आली, वरून तिसरं निवडलं. डिस्क दिसली. दुपारपर्यंत रेषा सरळ आली आणि मी पहिली पिशवी फोडली. काकूंना फोन करून सांगितलं तेव्हा त्यांनी डब्यात उंद्रीच्या फ्लॉप्या चाळून पाहिल्या. जोडीची तिथे होती, तसंच नाव, तशीच पदवी.

संध्याकाळी काकूंकडची आणून मी दोन्हींच्या नव्या नकला केल्या. एक काकूंच्या डब्यात ठेवली. दुसरी त्याच लिफाफ्यात घालून पत्र्याला चिकटवली आणि स्क्रू बसवले. एक उरला. तो मी टेबलाच्या खणात ठेवला आहे.