दादांचा खुशालीचा कागद

माझे थोरले दीर कंपनीतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांना हार, नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पुढच्या सोमवारी सकाळी सहा वाजता ते नेहमीप्रमाणे आंघोळ करून, शर्ट खोचून, बूट घालून व्हरांड्यात बसले. कंपनीची बस आता आपल्याला न्यायला येणार नाही, हे त्यांच्या लक्षात यायला बहुतेक पाच मिनिटं लागली. मग त्यांनी बूट काढले, पुसले आणि कपाटावर ठेवून दिले. मी वरच्या मजल्यावरून पाहत होते. चहा केला आणि घेऊन खाली गेले.

चाकणच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. जाऊबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. थेरगावच्या घरात खाली ते आणि वर आम्ही दोघं, मी आणि माझे मिस्टर. त्यांना सगळं घर 'दादा' म्हणतं. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते, शिकवलं एक दिवसही नाही, पण शाळेतली म्हणून दादा मला लग्नापासून 'बाई' म्हणत आले. मीही त्यांच्याआधी वर्षभर निवृत्त झाले होते.

महिनाभरानं एका सकाळी ते वहीचा कागद घेऊन वर आले.

"बाई, एवढं कॉम्प्युटरवर लिवून देता का? समद्यांना धाडायचं हाय."

कागदावर घरच्या बातम्या होत्या. मस्कतच्या पुतण्याला मुलगी झाली, वजन तीन किलो शंभर ग्रॅम, बाळबाळंतीण सुखरूप. निघोज्याच्या चुलतभावाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, काठी घेऊन दारापर्यंत चालतो. रावेतच्या भाच्याच्या घराचा दुसरा स्लॅब पडला. वर मोठ्या अक्षरात 'खुशाली' असं लिहिलेलं. मी टाइप केलं आणि मोबाइलवरून नातेवाइकांना पाठवलं. तासाभरात जर्मनीतून माझ्या मुलीचा घाबराघुबरा फोन आला, "आई, स्लॅब पडला म्हणजे? कुणाला लागलं का?" स्लॅब पडला म्हणजे भरला, झाला, हे मी तिला समजावत असताना दादा पोट धरून हसले. जाऊबाई गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून दर महिन्याला खुशाली निघू लागली. बडोदा, हुबळी, मस्कत, जर्मनी, जिथं जिथं आमच्या घरातलं कुणी होतं तिथं ती जायची. दादांचा एक नियम होता. कुठलीही बातमी दोघांनी सांगितल्याशिवाय लिहायची नाही. "एका मापावर भरवसा न्हाई ठेवायचा, बाई. दोन मापं जुळली की मग कागदावर." एखाद्याला नोकरी लागली तर ते त्याला फोन करत आणि त्याच्या आईलाही. आजारपण असेल तर आधी विचारत, "हे लिवू का? तुला चालंल का?" नको म्हटलं की तो विषय तिथंच संपायचा. नातेवाईक म्हटले की एकाची गोष्ट दुसऱ्याला सांगताना तिखटमीठ लागतंच. दादांच्या कागदावर ते कधी आलं नाही. म्हणूनच लोक त्यांना खरं सांगू लागले. मी इतकी वर्षं ऑफिसात कागद हाताळले, पण असं जपून लिहिणारा माणूस पाहिला नव्हता.

वर्षभरानं त्यांनी वंशावळ काढायला घेतली. मोठा ड्रॉइंगचा कागद आणला, पाटावर चिकटवला आणि एखाद्या यंत्राचं ड्रॉइंग काढावं तशी पट्टी लावून रेघा ओढू लागले. त्र्यंबकला जाऊन उपाध्यायांच्या चोपडीतून सात पिढ्यांची नावं उतरवून आणली. मामलेदार कचेरीतून जुने उतारे काढले. चार महिन्यांनी तो कागद पूर्ण झाला, तेव्हा बघत राहावं असा सुबक होता. एक अक्षर वाकडं नाही की खोडरबरची खूण नाही. मी फोटो काढून मुलीला पाठवला.

तिनं लगेच दादांना फोन केला. "मोठे पप्पा, खूपच छान झालंय. पण मी कुठंय?"

दादा कागदाकडे बघू लागले. माझ्या मिस्टरांच्या नावाखाली रेघ नव्हती, कारण आम्हाला मुलगा नाही. जाऊबाईही नव्हत्या, मीही नव्हते. सात पिढ्यांत एक बाई नव्हती.

"हितं न्हाईस तू," दादा हळू आवाजात म्हणाले. "चूक झाली."

मला वाटलं, कडेला कुठंतरी तिचं नाव घालतील. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेले तर कागद पाटावरून निघालेला, त्याची घट्ट गुंडाळी करून कोपऱ्यात उभी केलेली आणि पाटावर नवा कोरा कागद. "कारखान्यात अर्धा भाग ऱ्हायलेला माल पुढं जात न्हाई," एवढंच म्हणाले. चार महिन्यांचं काम होतं ते. त्यावर एक सुस्कारासुद्धा त्यांनी सोडला नाही.

बायकांची नावं मिळवणं किती अवघड असतं ते मला पुढच्या काही महिन्यांत कळलं. उपाध्यायांच्या चोपडीत ती नव्हती. उताऱ्यांवर नव्हती. म्हाताऱ्यांना विचारावं तर "अमक्याची आई", "तमक्याची मालकीण" एवढंच. लग्नात नाव बदललेलं, मग माहेरचं नाव कुणाला आठवणार? दादा स्कूटर काढत, मी मागं बसे आणि आम्ही नात्यातल्या एकेका म्हातारीकडे जात असू. कुणी फडताळातला जुना तांब्या काढून दाखवी. लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत असते ना, तिथं टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं दादा भिंग लावून वाचत. एका परातीवर त्यांच्या चुलतआजीचं नाव सापडलं तेव्हा त्यांनी ती परात पुसून, दोन्ही हातांनी उचलून घरच्या बाईला परत दिली.

असं करत सगळी नावं भरली. एक मात्र अडलं, दादांच्या आजीचं. जिच्या मांडीवर ते वाढले तिचंच. सगळे तिला 'म्हातारी' म्हणत. जिथं विचारावं तिथं एकच उत्तर मिळे, "तुमच्या बहिणीला ठाऊक असंल. ती निजायची म्हातारीपाशी."

हे ऐकलं की दादा विषय बदलत.

ती बहीण म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, मी त्यांना वन्सं म्हणते. दादांच्या पाठची बहीण आणि माझ्या मिस्टरांपेक्षा मोठी. त्यांचे यजमान रेल्वेत होते. बदल्या होत होत शेवटी बिलासपूरला त्यांनी घर केलं. सासूबाई गेल्या तेव्हा त्या आल्या होत्या, तेराव्याला परत गेल्या आणि त्यानंतर आमच्या दारात आल्या नाहीत. खुशाली त्यांना जात नव्हती. मी एकदा विचारलं तेव्हा दादा म्हणाले होते, "नंबर बदललाय वाटतं." दोन मापांचा माणूस तेव्हा 'वाटतं' म्हणाला, हे माझ्या ध्यानात राहिलं होतं.

एका दुपारी त्यांनी मला खाली हाक मारली. पुढ्यात आमच्या गावच्या, निघोज्याच्या जुन्या शेताचा फेरफार उतारा होता. ती जमीन कारखान्यांसाठी गेली त्याच्या आधीचा.

"बघा बाई. एवढ्या कागदांत आमच्या बहिणीचं नाव एकदाच आलंय."

मी वाचलं. भावांच्या लाभात बहिणीनं आपला हक्क सोडला, अशी नोंद होती. खाली सही.

"आमी तिला इचारलं न्हवतं," दादा म्हणाले. "कागद पुढं केला, तिनं सही केली. तवापास्नं मी तिच्याशी नीट बोललो न्हाई. तिनं कुठं भांडण केलंय? मलाच तोंड दाखवायची लाज वाटायची."

पुढचे आठ दिवस ते लिहीत होते. झालं ते पानभरच, पण त्यात त्यांनी सगळं सरळ मांडलं होतं. बहीण सही करायला गावी आली, आम्ही तिला काही विचारलं नाही, चूक आमची, थोरला म्हणून जास्त माझी. हे त्यांना खुशालीत घालायचं होतं.

माझे मिस्टर भडकले. "हे जगाला सांगायची काय गरज हाय?"

"जगाला न्हाई. घराला."

"घराला ठाऊकच हाय की!"

"ठाऊक असून कुणी बोललं न्हाई, म्हणून तर लिवतोय. पण आधी तिला वाचून दाखवणार. ती नको म्हणली तर न्हाई."

मिस्टर तरातरा वर निघून गेले.

रविवारी सकाळी दहाला दादांनी वन्संच्या मुलीकडून घेतलेला नंबर लावला. कागद धरायला हात मोकळे हवेत, म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकर मी चालू केला. पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"कोण?"

"मी. दादा."

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग वन्संनी विचारलं, "कोण गेलं?"

दादांनी डोळे मिटले. आमच्याकडून बिलासपूरला फोन फक्त त्याच कारणासाठी जात असे. "कुणी न्हाई गं. समदी खुशाल हायती. तुला एक वाचून दाखवायचं हाय. ऐकशील?"

त्यांनी वाचलं. मध्ये दोनदा थांबले, पाणी प्यायले, पुन्हा वाचू लागले. संपल्यावर वन्सं म्हणाल्या, "एक चुकलंय ह्यात."

दादांनी पेन्सिल उचलली.

"तू लिवलंस, बहीण सही करायला गावी आली. सहीला न्हवते आले मी, दादा. मी भाऊबीजेला आले होते. ओवाळून झालं, दुसऱ्या दिवशी तुमी मला कचेरीत नेलं."

इतकी वर्षं त्या गावोगाव फिरल्या, मुलं वाढवली, बदल्या काढल्या, आणि हे एक वाक्य सांभाळून ठेवलं होतं. दादांनी ते वाक्य शोधून त्यावर पेन्सिल टेकवली. तेवढ्यात दारातून आवाज आला. मिस्टर कधी येऊन उभे राहिले होते कळलंच नाही.

"व्हय अक्का. भाऊबीजच होती. मीच नेलं तुला मोटरसायकलवरनं. तू वाटंत इचारलंस, कुठं चाललोय आपण. मी म्हणालो, हितंच."

"तू हायेस व्हय रे तिथं?" वन्संचा आवाज एकदम ओला झाला. "मला वाटलं, तू विसरलास."

दादांनी वाक्य खोडलं आणि भाऊबीज लिहिली. वन्संनी पुन्हा वाचायला लावलं, आणि म्हणाल्या, "आता बरोबर हाय. धाड समद्यांना." मग विचारलं, "आणि काय हवंय तुला? उगं न्हाई फोन केलास."

दादांनी म्हातारीचं नाव विचारलं. वन्सं हसल्या. "तेवढंच व्हय? मला तिचं माहेरचं नाव ठाऊक हाय, सासरचं ठाऊक हाय, आणि तिच्या आईचंबी." रोज झोपताना म्हातारीच्या पायाला तेल लावायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि तेल लावून होईतो म्हातारी आपल्या माहेरच्या माणसांची नावं एकेक करून सांगे. वन्संनी तासाभरात तीन नवीन गावं आणि चौदा नावं दिली. चाळीस वर्षं परमुलखात राहूनही त्यांची बोली आम्हा शहरात आलेल्यांपेक्षा जास्त गावची राहिली होती. दादा लिहीत होते, आणि मिस्टर खुर्ची ओढून शेजारी बसून त्यांना अक्षरं नीट सांगत होते.

त्या महिन्याची खुशाली गेली तेव्हा फोनवर फोन आले. दोघा चुलतभावांना राग आला, त्यांनी आम्हाला खुशाली पाठवू नका म्हणून कळवलं. दादांनी ते मान्य केलं आणि त्यांच्या घरच्या बायकांना विचारलं, "तुमाला धाडू का?" त्या हो म्हणाल्या. हुबळीच्या एका पुतण्यानं स्वतःच्या बहिणीला त्याच दिवशी फोन लावला, असं तिनंच मला कळवलं. माझ्या मुलीचाही फोन आला. म्हणाली, मोठे पप्पा माझ्याशी बोलतील का? दादांनी तिला कागदावरची तिची जागा सांगितली, डावीकडून तिसरी, आणि तिच्या लेकीसाठी खाली रेघ ओढून ठेवली आहे तेही.

दादांचं मला कौतुक वाटतं ते त्यांनी माफी मागितली म्हणून नाही. माफी पुष्कळ जण मागतात आणि मोकळे होतात. दादांनी ती लिहिली, जिची मागायची होती तिलाच तपासायला दिली आणि तिनं काढलेली चूक दुरुस्त केली. साठी उलटलेली असताना, सगळ्या भावकीसमोर.

मागच्या हिवाळ्यात वन्सं आल्या, अकरा दिवस राहिल्या. एका सकाळी म्हणाल्या, शेत बघायचंय. आम्ही चौघं गाडीनं निघोज्याला गेलो. शेताच्या जागी आता एक कारखाना आहे. फाटकापाशी उतरल्यावर वन्सं उंच भिंतीकडे बघत राहिल्या. सिक्युरिटीवाला पुढं आला. पन्नाशीचा माणूस, मिशा पिकलेल्या. "किससे मिलना है, अम्माजी?"

"किसीसे नहीं भैया," वन्सं त्यांच्या रेल्वेच्या हिंदीत म्हणाल्या. "ये हमारा खेत था."

'हमारा' त्या म्हणाल्या तेव्हा दादांनी होय म्हणून मान हलवली. सिक्युरिटीवाल्यानं आपल्या केबिनमधली खुर्ची बाहेर आणून त्यांना दिली आणि स्वतः उभा राहिला. वन्सं बसल्या आणि त्याला हातानं दाखवू लागल्या, विहीर इथं होती, तिकडं भुईमूग, त्या पलीकडं माझ्या आजीनं लावलेली बाभूळ. आणि मग आजीचं नाव सांगितलं, दोन्ही नावं, माहेरचं आणि सासरचं. आतून ट्रक येत-जात होते, तो एकेकाची नोंद करून परत येई आणि विचारी, "फिर, अम्माजी?"